कारणांविना निवाडा : चित्रपट-पुरस्कार आणि समीक्षेची माघार

१

चित्रपट-पुरस्कारांविषयी मराठीत जे लेखन होते ते प्रायः दोन प्रकारांत मोडते. निकाल मराठीच्या बाजूने लागला की गौरवपर लेखन होते. त्यात आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’चे स्मरण केले जाते, ‘श्वास’पासून सुरू झालेल्या नव्या पर्वाचा उल्लेख येतो आणि मराठी प्रतिभेला अखेर न्याय मिळाल्याचे समाधान व्यक्त होते. निकाल विरुद्ध गेला की संशयपर लेखन होते. त्यात गटबाजी, वशिला, दिल्लीचे राजकारण आणि मुंबईच्या हिंदी चित्रव्यवसायाचा पैसा यांची चर्चा असते. हे दोन्ही प्रकार परस्परविरोधी वाटत असले तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे : योग्य व्यक्तींनी शुद्ध हेतूने दिलेला पुरस्कार हा मूल्यनिर्णय असतो. गौरवपर लेखक तो तसा दिला गेला असे मानतो, संशयपर लेखक दिला गेला नाही असे मानतो. या गृहीतकाची तपासणी मात्र दोघेही करीत नाहीत.

ही तपासणी केली असता वेगळेच चित्र दिसते. शुद्ध हेतूने दिलेला पुरस्कारदेखील, जोवर तो आपली कारणे मांडत नाही तोवर, मूल्यनिर्णय या संज्ञेस पात्र होत नाही. त्याला मूल्यनिर्णयाचा दर्जा बाहेरून बहाल करावा लागतो. हे काम शासनाने केलेले नाही, निर्मात्यांनीही केलेले नाही. ते समीक्षेने केले आहे. म्हणून पुरस्कारांच्या पडद्यामागील व्यवहाराची चर्चा करताना समीक्षेला फिर्यादीच्या जागी उभे राहण्याचा अधिकार नाही. तिची जागा साक्षीदाराची आहे, आणि काही अंशी आरोपीचीही.

२

भारतीय चित्रपट-पुरस्कारांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ साली आपला अहवाल दिला. व्ही. शांताराम हे या समितीचे एक सदस्य होते. चित्रपट हा केवळ करमणुकीचा धंदा नसून त्याच्या उन्नतीची जबाबदारी शासनावरही आहे, ही भूमिका त्या काळात रुजू लागली होती. १९५४ साली केंद्र शासनाने चित्रपटांना पारितोषिके देण्यास प्रारंभ केला आणि पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले. त्याच वर्षी मुंबईत ‘फिल्मफेअर’ नियतकालिकाची पारितोषिकेही सुरू झाली. एक व्यवस्था राज्यसंस्थेची, दुसरी बाजारपेठेची. दोहोंचा जन्म एकाच वर्षीचा.

दुसऱ्या व्यवस्थेच्या बाबतीत एक तपशील सहसा लक्षात घेतला जात नाही. ‘फिल्मफेअर’ची ती पारितोषिके आरंभी ‘क्लेअर्स’ या नावाने ओळखली जात. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या चित्रपट-समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ हे नाव देण्यात आले होते. म्हणजे बाजारपेठेनेही आपल्या निवडीला प्रतिष्ठा मिळवून देताना समीक्षकाचेच नाव वापरले. पुढे ते नाव गळून पडले आणि नियतकालिकाचे नाव उरले. हा बदल कोणत्याही कारस्थानाचा परिणाम नसेल. तथापि पुढे जे घडले त्याचे दर्शन त्यात आधीच होते. पुरस्काराला आरंभी समीक्षेच्या अधिकाराची गरज होती. कालांतराने त्याला स्वतःचा अधिकार प्राप्त झाला आणि समीक्षाच त्याच्याकडून अधिकार उसना घेऊ लागली.

बाजारपेठेच्या पुरस्कारांचे अंतरंग आता गुपित राहिलेले नाही. ‘बॉबी’मधील भूमिकेसाठी मिळालेले पारितोषिक आपण तीस हजार रुपये मोजून मिळवले होते, अशी कबुली ऋषी कपूर यांनी २०१७ साली प्रकाशित झालेल्या आत्मचरित्रात दिली. या कबुलीवर जी चर्चा झाली ती नैतिक स्वरूपाची होती : पैसे घेणारा कोण, देणारा किती दोषी, वगैरे. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला प्रश्न वेगळाच होता. चार दशकांहून अधिक काळ ते पारितोषिक अस्सल निर्णय म्हणून कसे टिकून राहिले? उत्तर सरळ आहे. त्या पारितोषिकाला कारणे जोडलेलीच नव्हती, त्यामुळे ती तपासून पाहण्याचा प्रसंग कोणावर आला नाही. जेथे विकत घेतलेला निर्णय आणि प्रामाणिक निर्णय बाह्यतः तंतोतंत सारखे दिसतात, तेथे दोष विकणाऱ्याइतकाच निर्णयाच्या घडणीचाही असतो.

ऑस्करच्या बाबतीत पैशाची ही भूमिका लपवण्याचीही गरज वाटत नाही. ‘श्वास’ २००४ साली भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवडला गेला, तेव्हा अमेरिकेतील प्रदर्शन आणि प्रचार यांसाठी लागणारा निधी लोकांच्या देणग्यांतून उभा करावा लागला. महाराष्ट्राने ते मोठ्या आपुलकीने केले आणि त्या आपुलकीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कलाकृती परीक्षकांच्या दृष्टीस पडावी यासाठीच जर मोहीम उभारावी लागत असेल, तर परीक्षकांच्या निर्णयापूर्वी दुसरा एक निर्णय झालेला असतो, आणि तो गुणवत्तेचा नसून साधनसंपत्तीचा असतो. ही साधी गोष्ट त्या उत्साहात फारशी कोणी मांडली नाही.

३

राष्ट्रीय पुरस्कारांची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे, कारण तेथे पैशाचा आरोप सहसा टिकत नाही. तेथील कार्यपद्धती वरवर पाहता निर्दोष आहे. त्या त्या वर्षी केंद्रीय प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र मिळालेले चित्रपटच प्रवेशास पात्र ठरतात. पाच विभागीय मंडळे प्रथम चाळणी करतात. त्यांच्या शिफारशी मध्यवर्ती मंडळापुढे जातात आणि विभागीय मंडळांचे अध्यक्ष मध्यवर्ती मंडळातही बसतात. मंडळांची नियुक्ती माहिती व प्रसारण मंत्रालय करते. ज्या चित्रपट महोत्सव संचालनालयाने दीर्घ काळ या पुरस्कारांची व्यवस्था पाहिली, ते २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. याचा अर्थ असा की चित्रपटांना अर्थसाहाय्य देणे, त्यांचे महोत्सव भरवणे आणि जुन्या चित्रपटांचे जतन करणे ही कार्ये आता एका छताखाली आली आहेत, आणि ते छत शासकीय आहे.

या व्यवस्थेचा खरा दोष मात्र रचनेत नसून तिच्या मौनात आहे. २०१७ साली जाहीर झालेल्या ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘रुस्तम’मधील भूमिकेसाठी अक्षयकुमार यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. मध्यवर्ती मंडळाचे अध्यक्ष प्रियदर्शन यांनी या अभिनेत्याबरोबर पूर्वी अनेक चित्रपट केले असल्यामुळे टीका झाली. त्यावर पूर्वीच्या अध्यक्षांच्या काळात त्यांच्या निकटच्या अभिनेत्यांना पारितोषिके मिळाली तेव्हा असा प्रश्न का विचारला गेला नाही, अशा आशयाचे उत्तर अध्यक्षांकडून आले. हे उत्तर बारकाईने पाहण्याजोगे आहे. आक्षेपाचे निराकरण करण्याचा एकच मार्ग होता : त्या अभिनयात कोणते गुण आढळले, स्पर्धेतील इतर अभिनेत्यांच्या कामाच्या तुलनेत ते सरस का वाटले, हे सांगणे. तो मार्ग न पत्करता पूर्वोदाहरण पुढे करण्यात आले.

याच मंडळाने त्याच वर्षी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सुवर्णकमळ दिला. ज्यांनी ‘रुस्तम’च्या निमित्ताने या मंडळाची विश्वासार्हता नाकारली आणि ‘कासव’च्या निमित्ताने त्याची रसिकता वाखाणली, त्यांच्यापाशी या दोन निर्णयांत भेद करण्यास कोणता आधार होता? आपल्याला पटलेला निर्णय गुणग्राहक आणि न पटलेला निर्णय पक्षपाती, एवढाच. ‘कासव’ श्रेष्ठ असेल तर तो त्याच्या संयत निवेदनामुळे, मानसिक आजाराकडे पाहण्याच्या त्याच्या अनाग्रही दृष्टीमुळे. आणि हे दाखवून देण्याचे काम समीक्षेचे आहे. सुवर्णकमळाचा उल्लेख केल्याने ते काम पार पडत नाही, उलट ते झाल्याचा आभास निर्माण होतो.

मौनाचे दुसरे रूप त्याच वर्षी गोव्यात दिसले. आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या भारतीय विभागासाठी परीक्षक मंडळाने निवडलेल्या चित्रपटांतून रवी जाधव यांचा ‘न्यूड’ आणि सनलकुमार शशिधरन यांचा ‘एस दुर्गा’ हे दोन चित्रपट मंत्रालयाने वगळले. मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. या प्रसंगाची चर्चा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने झाली आणि ते योग्यच होते. परंतु त्याचे आणखी एक अंग आहे. मंडळाने हे चित्रपट का निवडले होते, याचे सविस्तर विवेचन लोकांपुढे आधीच असते, तर ते वगळणाऱ्यांना त्या विवेचनाचा प्रतिवाद करावा लागला असता. यादीतील नाव खोडायला युक्तिवाद लागत नाही. विवेचन खोडायचे तर निदान काहीतरी बोलावे लागते.

४

येथे सौंदर्यशास्त्रातील एका मूलभूत मुद्द्याकडे वळणे आवश्यक आहे. सौंदर्यविषयक निर्णय वैयक्तिक आवडीहून वेगळा असतो, कारण तो इतरांच्या संमतीची अपेक्षा बाळगतो. मात्र ही संमती तो सिद्धतेच्या बळावर सक्तीने वसूल करू शकत नाही. कांटची ही मांडणी रा. भा. पाटणकरांच्या विवेचनामुळे मराठी अभ्यासकांच्या परिचयाची आहे. संमतीची अपेक्षा आहे पण सक्ती नाही, या दोन टोकांमधल्या जागेतच समीक्षा संभवते. समीक्षक कलाकृतीकडे बोट दाखवतो, ‘असे पाहा’ म्हणतो, तुलना करतो, आणि वाचकाला स्वतःच्या अनुभवाशी ते ताडून पाहण्यास मोकळा ठेवतो.

पुरस्कार नेमकी हीच जागा बुजवतो. तो संमतीची अपेक्षा करीत नाही, ती मिळाल्याचे जाहीर करतो. बोर्द्यूच्या परिभाषेत सांगायचे तर तो प्रतीकात्मक भांडवलाचे वाटप करतो. आणि कोणत्याही भांडवलाप्रमाणे तेही, ते कसे कमावले गेले हे विसरले गेल्यावरच, निर्वेधपणे वापरता येते.

पुरस्काराबरोबर प्रशस्तिलेख दिला जातो, असे यावर सांगितले जाईल. परंतु हा प्रशस्तिलेख म्हणजे एक-दोन वाक्यांचा मजकूर असतो. ‘संवेदनशील हाताळणी’, ‘वास्तवाचे प्रभावी चित्रण’, ‘सूक्ष्म अभिनय’ अशा शब्दांनी तो भरलेला असतो. आणि एका चित्रपटाचा प्रशस्तिलेख दुसऱ्याला जोडला तरी सहसा काही बिघडत नाही. कधी हा मजकूर जरा अधिक बोलका झालाच, तर तो काय प्रकट करतो याचे उदाहरण २०२४ साली मिळाले. ‘लापता लेडीज’ची ऑस्करसाठी निवड करताना फिल्म फेडरेशनच्या निवड समितीने भारतीय स्त्रिया म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचे विचित्र मिश्रण आहे, अशा आशयाच्या विधानाने आपल्या प्रशस्तिलेखाची सुरुवात केली. तेरा सदस्यांच्या त्या समितीत एकही स्त्री नव्हती. त्या मजकुराची यथेच्छ थट्टा झाली. वास्तविक त्या समितीचे आभार मानायला हवे होते, कारण निवडीमागची दृष्टी कशी असते हे तिने अनवधानाने का होईना उघड केले. इतर मंडळांची दृष्टी याहून प्रगल्भ असेलही. पण ती कोणाला दिसलेली नाही.

५

कारणे दडवण्याचा सर्वांत गंभीर परिणाम चित्रपटनिर्मितीवर होतो. पुरस्कार मिळालेल्या कलाकृतीपासून नव्या दिग्दर्शकाने काही शिकावे, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु निर्णयाची कारणे उपलब्ध नसतील तर त्याने शिकायचे कशावरून? त्याच्या हाती फक्त निकालाची यादी असते आणि यादीवरून अनुमान करता येते ते केवळ विषयाचे. ‘श्वास’मध्ये दृष्टी गमावणार असलेला मुलगा आहे, ‘फँड्री’, ‘किल्ला’, ‘एलिझाबेथ एकादशी’, ‘नाळ’ या सन्मानित चित्रपटांच्या केंद्रस्थानीही मूल वा किशोर आहे. यांपैकी प्रत्येकाची चित्रभाषा भिन्न आहे. ‘फँड्री’तील मुलाची नजर जातिव्यवस्थेच्या हिंसेने घडलेली आहे, तर ‘किल्ला’तील मुलाची नजर पितृवियोगाने आणि बदलीच्या गावाने. मात्र यादीत हा भेद दिसत नाही. तेथे दिसते ते एवढेच : गाव, मूल, अभाव. जे दिसते त्याचेच अनुकरण होते आणि मग मराठी चित्रपट साचेबद्ध होत चालल्याची तक्रार तीच मंडळी करू लागतात, ज्यांनी भेद स्पष्ट करण्याचे आपले काम यादीवर सोपवलेले असते.

पुरस्कारांची वर्गवारी या प्रवृत्तीला खतपाणी घालते. राष्ट्रीय एकात्मता, सामाजिक प्रश्न, पर्यावरण अशा शीर्षकांचे पुरस्कार दीर्घकाळ दिले जात होते. २०२४ साली झालेल्या फेरबदलात ही शीर्षके एकत्र करून राष्ट्रीय, सामाजिक आणि पर्यावरणीय मूल्यांची जोपासना करणाऱ्या चित्रपटासाठी एकच पुरस्कार ठेवण्यात आला. मराठी साहित्यविचारात फडके-खांडेकरांच्या काळापासून कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद गाजला. त्याच्या मर्यादा आता सर्वमान्य आहेत. पण निदान तो वाद होता, त्यात दोन्ही बाजूंना युक्तिवाद करावा लागला. चित्रपटाच्या क्षेत्रात तोच प्रश्न वर्गवारीच्या मसुद्यात परस्पर निकालात निघाला. आशय हाच निकष, हे कोणी प्रतिपादन न करताच रूढ झाले.

महाराष्ट्र शासनाच्या अनुदान योजनेत हीच प्रक्रिया अधिक उघडपणे दिसते. तेथे परीक्षण समिती चित्रपटाला ‘अ’ किंवा ‘ब’ दर्जा देते आणि त्यानुसार रक्कम ठरते. म्हणजे समीक्षेचे रूपांतर एका वर्णाक्षरात होते. या अक्षरावर निर्मात्याचे कर्ज फिटणे न फिटणे अवलंबून असू शकते. अमुक चित्रपट ‘अ’ का आणि तमुक ‘ब’ का, यावर मराठीत गंभीर चर्चा झाल्याचे दिसत नाही.

या सर्वांचा अखेरचा परिणाम इतिहासलेखनावर होतो. मराठी चित्रपटाचा इतिहास ‘श्यामची आई’, मग एक दीर्घ पोकळी, मग ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’ अशा शिखरांच्या मालिकेत सांगण्याची पद्धत पडली आहे. हा इतिहास म्हणजे सुवर्णपदकांची आणि सुवर्णकमळांची यादी आहे. तमाशापट, दादा कोंडक्यांचा लोकनाट्यातून आलेला चावट विनोद, त्यावर पोसलेला आणि त्याला पोसणारा तंबू-थिएटरांचा प्रेक्षक यांचे स्थान अशा इतिहासात तळटिपेचे राहते. ‘सैराट’सारख्या अभूतपूर्व लोकप्रिय चित्रपटाची राष्ट्रीय पुरस्कारांतील नोंद रिंकू राजगुरूच्या अभिनयाच्या विशेष उल्लेखापुरती आहे. त्या चित्रपटाने जे केले ते समजून घेण्यास ही नोंद कितपत उपयोगी पडेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. योगायोग असा की २०२५ साली जाहीर झालेल्या ७१ व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला तो नवा ‘श्यामची आई’. सात दशकांनी तेच शीर्षक पुन्हा यादीत आले. या पुनरागमनाचा अर्थ काय, हे सांगणे यादीला शक्य नाही.

६

परीक्षकांनी निर्भयपणे काम करावे यासाठी गोपनीयता आवश्यक असते, असा एक आक्षेप येथे घेतला जाईल. तो वजनदार आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. विचारविनिमयाची गोपनीयता ही एक गोष्ट आणि कारणांची गोपनीयता ही दुसरी. न्यायाधीशांमधील चर्चा बंद दाराआडच होते. तरीही निकालपत्र लिहावे लागते, त्यात कारणमीमांसा असते आणि मतभेद असल्यास अल्पमताचे निकालपत्रही जोडले जाते. ७१ व्या पुरस्कारांत ‘द केरला स्टोरी’च्या दिग्दर्शकाला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाल्यावर केरळच्या मुख्यमंत्र्यांनी तीव्र निषेध नोंदवला. मंडळातील केरळच्या सदस्याने आपला या निवडीला आक्षेप होता, हे नंतर वृत्तमाध्यमांतून सांगितले. असहमतीला निकालात जागा नसली की ती अशी निकालाबाहेर, उशिरा आणि त्रोटक रूपात प्रकटते. बहुमताचीही बाजू त्यामुळे अंधारातच राहते. त्या दिग्दर्शनात त्यांना कोणते गुण दिसले, हे जाणून घेण्याचा अधिकार विरोधकांइतकाच समर्थकांनाही आहे.

परीक्षकाने उघडपणे कारण सांगितल्याची घटना विरळा, आणि तिचे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. २०२२ साली गोव्यातील महोत्सवाच्या समारोपात आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष नादव लापिद यांनी ‘द काश्मीर फाइल्स’ हा प्रचारकी आणि असभ्य चित्रपट असल्याचे व्यासपीठावरून सांगितले. त्यांचे मत चूक की बरोबर, यावर वाद व्हायला हवा होता. झाला तो वाद पाहुण्याने यजमानाच्या घरी असे बोलावे काय, या शिष्टाचाराचा. पुढील वर्षी त्याच चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला. एका मंडळाच्या अध्यक्षाने नकाराचे कारण सांगितले, दुसऱ्या मंडळाने होकार दिला. या दोहोंमध्ये संवाद घडवून आणणे हे समीक्षेचे काम होते. ते तिने वृत्तवाहिन्यांवर सोडून दिले.

साहित्याच्या क्षेत्रालाही या बाबतीत बढाई मारण्याचे कारण नाही. विनय हर्डीकर यांच्या ‘जनांचा प्रवाहो चालिला’ला जाहीर झालेला राज्य पुरस्कार १९८१ साली शासनाने मागे घेतला, ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाचा पुरस्कार डिसेंबर २०२२ मध्ये रद्द झाला आणि निवड समितीही बरखास्त करण्यात आली. दोन्ही वेळी निषेध झाले, राजीनामे दिले गेले, आणि ते उचितच होते. तथापि निषेध करणाऱ्यांनी पुरस्कार परत मिळावा असा आग्रह जितका धरला, तितका त्या पुस्तकांच्या गुणवत्तेची जाहीर चिकित्सा करण्याचा धरला नाही. शासनाच्या हाती देण्याचा अधिकार आहे म्हणूनच काढून घेण्याचाही आहे, हे या निषेधात गृहीतच राहिले.

येथे पुरस्कार बंद करावेत असा युक्तिवाद अभिप्रेत नाही. ‘धग’ वा ‘कोर्ट’ यांसारख्या चित्रपटांना सन्मानामुळे जो प्रेक्षक मिळतो, तो मोलाचा आहे. मागणी मर्यादित आहे आणि म्हणूनच ती टाळता येण्याजोगी नाही. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या प्रत्येक परीक्षक मंडळाने आपल्या प्रमुख निर्णयांची सकारण मांडणी प्रसिद्ध करावी, अंतिम विचारात आलेल्या चित्रपटांची नावे द्यावीत आणि असहमती नोंदवून ठेवावी. ही मागणी शासन मान्य करील अथवा न करील. दुसरी मागणी मात्र कोणाच्या मान्यतेवर अवलंबून नाही. मराठी समीक्षेने, विद्यापीठीय प्रबंधांनी आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळांनी ‘राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त’ हे विशेषण युक्तिवादाच्या जागी वापरणे थांबवावे. चित्रपट अभ्यासाला का लावला, याचे उत्तर चित्रपटातून देता येत नसेल तर तो लावू नये. आणि देता येत असेल तर सुवर्णकमळाचा उल्लेख परिचयाच्या टिपणात ठेवला तरी पुरे.

परीक्षक मंडळाची मुदत दरवर्षी संपते, नवे मंडळ येते, आणि जुन्या मंडळाने काय पाहिले, कशावरून वाद घातला, काय नाकारले याची नोंद कोठेही उरत नाही. ती नोंद करण्यासाठीच नियतकालिके असतात. निकाल जाहीर झाल्यानंतरच्या अंकात अभिनंदनाचा ठराव छापायचा की त्या वर्षीच्या पाच चित्रपटांचे सविस्तर परीक्षण, याचा निर्णय दिल्लीत होत नाही.